इन्सर्ट

परभणीत स्टेशन रोडला, सायकल दुकानाच्या माडीवर
वजीरभाईंकडे दोन व्हीसीआर होते.
डावा वाचायचा, उजवा लिहायचा.
मधे मी, एकोणीस वर्षांचा,
दोन्हींच्या पॉजवर एकेक बोट ठेवून,
मनात तीन मोजत,
कारण टेपला वेग घ्यायला तेवढा वेळ लागे.

आधी हळद, मग वरात, मग अंतरपाट,
जसं घडलं तसंच रांगेनं.
सातव्या मिनिटाला नवरदेवाचा मामा राहून गेला
हे पन्नासाव्या मिनिटाला कळलं
तर सातव्यापासून पुन्हा.
नाहीतर कॅसेटचीच कॉपी, मामाला मधे घेऊन.
मग सगळं वऱ्हाड थोडं फिकट,
शालूचा लाल काठाबाहेर सांडलेला.
भारनियमनाचं वेळापत्रक आम्ही
व्हीसीआरवरच चिकटवलं होतं.
"पीछे का हलाया तो आगे का सब गया, मियाँ,"
वजीरभाई म्हणायचे
आणि चहा बशीत ओतायचे.

पळवाट एकच, इन्सर्ट.
असलेल्या चित्रावर दुसरं चित्र,
मोजून तेवढ्याच लांबीचं.
खालचं मरतं.

सेलूच्या लग्नाचं मिक्सिंग चाललं होतं,
नवरीचे चुलते जिना चढून आले.
"कडूबाईचं काढा. नवरा जाऊन वर्ष नाही झालं
अन् नवरीपाशी पुढं पुढं करायली."
नऊ सेकंद.
मी मिक्सरमधला गुलाब घेतला,
गरगर फिरत उमलणारा,
आणि कडूबाईंवर ठेवला.
चुलते खूश. वर शंभराची नोट.

आता लग्न माउसच्या टोकाशी आहे.
वरात आधी घ्या, हळद शेवटी,
मामा कुठंही टाका,
मागच्याचा पुढच्याला धक्का नाही.
कापलेलं मरत नाही, नुसतं दिसेनासं होतं,
कडेला ओढलं की परत हजर.
माझा पोरगा एका लग्नाची चौदा रूपं करून ठेवतो
आणि एकही संपवत नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, अजून थोडं बदला की.
बदलता येतं, हीच तर पंचाईत.

मागच्या महिन्यात कडूबाईंची मुलगी आली. मुक्ता.
मानवतला अंगणवाडीत असते.
पिशवीत कॅसेट, भोवती स्वयंपाकघरातलं फडकं.
"आईचं हलतं चित्र एकही नाही आमच्याकडं.
या लग्नात होती ती, सगळे सांगतात."
मी काही बोललो नाही.
कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट कधीच गेली,
तिच्यावर आम्ही पुढची सात लग्नं काढली होती.
बुरशी पुसली. टेप चालवली.
टाइमलाइनवर लग्न पसरत गेलं,
वर चित्र, खाली आवाजाची हिरवी गवताळ पट्टी.

गुलाब आला.
मी मान खाली घातली.
चित्र पुसलं तरी आवाज राहतो,
तो वेगळा असतो, टेपच्या अगदी काठाला.
हे मला वजीरभाईंनीच शिकवलेलं,
आणि मी साफ विसरलेलो.
सनई, जनरेटर, कुणाचं तरी रडकं लेकरू,
आणि त्यांच्या मधून:
"किती छान दिसायलीस गं शैले.
कुणीतरी दिष्ट काढा हिची."
मग हसणं, अर्धंच,
पुढे गुलाब संपतो आणि जेवणाची पंगत लागते.

"परत लावा," मुक्ता म्हणाली.
सहा वेळा लावलं.
सातव्यांदा मी म्हटलं, फूल काढून टाकतो,
एका क्लिकचं काम आहे,
त्या जागी त्यांचा फोटो बसवू, आधार कार्डावरचा का होईना.
ती पडद्याकडंच बघत होती.
"नको. राहू द्या.
झाकलेलं दिसू द्या."

नऊ सेकंदांची फाईल झाली.
पेनड्राइव्ह तिनं त्याच फडक्यात बांधला.
किती झाले, विचारलं.
तोंड उघडण्याआधी मी तीन मोजले,
जुन्या सवयीनं.